बायोडाटातली दोन वर्षं

"ह्यात तुझ्या मामाचं नाव कुठंय?" मी विचारलं.

"मामाचं नाव घालत नाहीत आत्या ह्यात," त्रिशला म्हणाली.

"वडिलांचं?"

"तेही नाही."

"मग घराणं कळणार कसं लोकांना?"

"लोकांना घराणं नकोच आहे आक्का," फरजाना म्हणाली आणि हसली. "त्यांना एवढंच बघायचंय, हिला काय काय येतं."

त्रिशला माझी सून, आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. फरजाना शिकलगार तिची कॉलेजातली मैत्रीण, मिरजेची, आता पुण्याला मोठ्या कंपनीत. त्या रविवारी ती मुद्दाम जयसिंगपूरला आली होती ती त्रिशलाचा नोकरीचा कागद नीट करून द्यायला. तिच्याच कंपनीत एक जागा निघाली होती आणि घरी बसून काम करायचं होतं. अर्ज संध्याकाळी सहापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर दार बंद. आधी दोन ठिकाणी त्रिशलानं अर्ज केले होते, दोन्हीकडून साधा फोनसुद्धा आला नव्हता. तिचं वय तेव्हा छत्तीस. फरजाना म्हणत होती, आता नाही जमलं तर पुढं कुणी विचारणार नाही.

त्या दोघी त्या कागदाला रेझ्युमे म्हणत होत्या. माझ्या लेखी तो बायोडाटा, आणि बायोडाटा म्हटलं की मला कुणी शिकवायचं नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण आमच्या जैन समाजातली दीडशेच्या वर लग्नं माझ्या हातून जमलीत. मुलीचा रंग सावळा असेल तर काय लिहायचं, मुलाची नोकरी सुटली असेल तर काय लिहायचं नाही, हे सांगली-कोल्हापूरपर्यंतचे शिकलेले आईबाप येऊन मला विचारतात. म्हणून दुपारची झोप टाकून मी जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले होते.

बसले खरी, पण कळत काही नव्हतं.

"कसली नोकरी म्हणायची ही?" मी विचारलं.

"क्लाऊडची," त्रिशला म्हणाली.

"नीट सांग."

तिनं थोडा विचार केला. "आपल्याकडं प्रत्येकजण मळणी मशीन घेत नाही ना आत्या? एकाकडं असतं, बाकीचे हंगामात भाड्यानं घेतात. तसं आता कंपन्या स्वतःचे मोठे कॉम्प्युटर ठेवत नाहीत. भाड्यानं घेतात. ते भाड्याचे कॉम्प्युटर लांब कुठंतरी असतात. ते लावून द्यायचे, बंद पडू द्यायचे नाहीत, हे माझं काम."

"लांब म्हणजे कुठं?"

"मुंबईला असतील, परदेशात असतील."

"म्हणजे तू जयसिंगपुरात बसून परदेशातलं मशीन चालवणार?"

"हो."

"आणि ते बंद पडलं तर?"

"इथूनच चालू करायचं."

मी मान हलवली, पण डोक्यात मशीन, परदेश आणि जेवणाचं टेबल हे काही केल्या एका जागी बसेना. आपल्याला कळलं नाही असं मी सुनेपुढं कधी म्हणत नाही. म्हणून गप्प बसून त्यांचं ऐकू लागले.

फरजाना वाचत होती आणि चिडत होती. "हे काय लिहिलंयस? 'कारखान्याचे सर्व्हर बदलण्याच्या कामात मदत केली.' मदत कुणाला केलीस? तिथं दुसरं होतं कोण?"

"साहेब होते."

"साहेबांना काय येत होतं?"

त्रिशला हसली. "चहा मागवायला."

"मग मदत कसली? 'मी बदलले' असं लिही. किती शेतकऱ्यांची नोंद होती त्यात?"

"अकरा हजार."

"काम किती वेळ बंद पडलं?"

"चाळीस मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत उरकलं."

"आणि हे तू लिहिलं नाहीस! अकरा हजार लोकांच्या उसाची नोंद चाळीस मिनिटांत एका मशीनवरून दुसऱ्यावर नेली, एक ओळ हरवली नाही. हे पहिल्या ओळीत पाहिजे. आक्का, ही बाई स्वतःबद्दल बोलायला इतकी का लाजते?"

"लाजते कुठं," मी म्हटलं. "घुमी आहे ती. पोटातलं ओठावर येऊ देत नाही."

माझा मुलगा अभिनंदन सोफ्यावर पेपर वाचत होता. त्यानं पेपर जरा खाली केला, माझ्याकडं बघितलं आणि परत वर धरला.

तासाभरात कागदाला रूप आलं. दोन पानांचं एक झालं. त्रिशलानं घरी अभ्यास करून दिलेली परीक्षा तळाला पडली होती ती वर आली. फरजानानं तो एकदा छापून काढायला लावला. "पडद्यावर चुका दिसत नाहीत," म्हणाली. कागद गरम गरम माझ्यासमोर आला. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. कॅलेंडर, फोन, बसचा नंबर, सगळीकडं तेच आकडे. बायोडाटा हातात आला की मी आधी आकडेच बघते. जन्मसाल, दहावीचं साल, पदवीचं साल, नोकरीचं साल. माणूस शब्दात लपवतो, सालात सापडतो. एखादं वर्ष रिकामं दिसलं की माझा पहिला प्रश्न तोच. मोडलेला साखरपुडा, नापास झालेलं वर्ष, अंगावर काढलेलं दुखणं, सगळं मी तिथं पकडलेलं आहे.

मी बोट फिरवलं. २०१३ ते २०२०, हा कारखाना. पुढं २०२२ पासून, हे कॉलेज. त्रिशला तेव्हा एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबवर होती.

"इथं दोन वर्षं गायब आहेत," मी म्हटलं.

फरजाना टाळी वाजवून म्हणाली, "बघ! आक्कांना एका मिनिटात दिसलं. त्या कंपन्यांनाही हेच दिसलं असणार. मी मघापासून तेच म्हणतेय, त्रिशला. ह्याचं काय लिहायचं?"

"वैयक्तिक कारण," त्रिशला म्हणाली.

"आधी दोनदा तेच लिहिलंस ना?"

"मग परत तेच लिही."

"आणि परत कचऱ्यात जाऊ दे?"

त्रिशला उठली आणि चहा ठेवायला गेली.

मला काही कळेना. मी कागद परत वाचला. चष्मा पुसून वाचला. तीच सालं. "फरजाना, हे चुकलंय," मी म्हटलं. "वीस साली हिनं नोकरी सोडली नव्हती. वीस साली तर मी पडले."

ते खरंच तसं होतं. वीस सालच्या मार्चमध्ये माझी उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, डोकं जड, कधी शुद्ध कधी धुंदी. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले आणि ऑपरेशन लॉकडाऊनमध्ये अडकलेलं. पण मी कुणावर ओझं झाले नाही. डॉक्टरांच्या ओळखीनं शिरोळची एक बाई ठेवली होती, शेवंता. दीड वर्ष तिनं माझं सगळं केलं. अंग पुसणं, भांडं देणं, हातापायाला तेल लावून तो व्यायाम, भरवणं. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगात निळा अ‍ॅप्रन. बोलायची कमी. तिच्याच हाताखाली मी परत उभी राहिले. सगळ्या भावकीत मी ताठ मानेनं सांगत आलेय, आजारपणात सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. माझं मी निभावलं.

आणि त्रिशला? ती रोज नऊला माझ्या दारात उभी राहून "येते हं आत्या" म्हणायची आणि जायची. कारखाना काही बंद नव्हता. मला चांगलं आठवत होतं.

त्रिशला चहाचे कप घेऊन आली.

"रोज नऊला तू जात होतीस," मी म्हटलं.

तिनं कप टेबलावर ठेवले.

"नोकरी नव्हती तर जात होतीस कुठं?"

"आई," अभिनंदन म्हणाला, "जाऊ दे ना आता. सहाच्या आत पाठवायचंय."

"तू गप्प बस. मी हिला विचारतेय. दोन वर्षं. सासू अंथरुणावर, पोरीला निपाणीला माहेरी पाठवलेलं, नवरा दुकानात. आणि ही रोज नऊला बाहेर. कुठं?"

"घरातच होते, आत्या."

"घरात होतीस? मग मला कशी दिसली नाहीस? संध्याकाळी तेवढी यायचीस, बरं आहे का म्हणून विचारायला."

फरजानानं लॅपटॉप झाकला. "आक्का, मी बाहेर बसू का?"

"तू बस इथंच. उद्या कंपनीतल्या लोकांनी हेच विचारलं तर ही काय सांगणार? मी नुसता कागद बघून ओळखते, इथं काहीतरी आहे." मी तसं म्हणाले. दीडशे लग्नं जमवलेल्या बाईचं डोकं ज्या दिशेला जातं त्या दिशेला माझं गेलं होतं. ते शब्द मी तोंडातून काढले नाहीत एवढंच. पण त्रिशलाला ते ऐकू गेले.

"आत्या, तुम्हाला जे वाटतंय तसं काही नाही," ती म्हणाली.

"मग कसं आहे?"

तिनं माझा कप माझ्याकडं सरकवला.

"ठीक आहे. तू नको सांगू. दिवसभर घरात एक माणूस होतं ना? ते सांगेल. शेवंताला विचारते, तू घरात होतीस की नाही."

"आई, नको," अभिनंदन उठून उभा राहिला. "तिचा नंबर नाहीये आता."

"तुझ्याकडं नसेल."

माणूस कामाचं दिसलं की त्याचा नंबर घेऊन ठेवायचा ही माझी सवय. बायोडाटांची वही माझ्या उशाखाली असायची. आजारपणाच्या पहिल्या आठवड्यात शेवंतानं तिच्याच हातानं त्या वहीच्या शेवटच्या पानावर नंबर लिहिला होता. बरी झाल्यावर मी तिला कधी फोन केला नाही. पैसे देऊन ठेवलेल्या बाईला फोन करून काय बोलायचं, असं वाटायचं. ती गावी गेली म्हणून सांगितलं तेव्हा वाईट मात्र वाटलं होतं.

मी काठी घेऊन आत गेले, वही आणली, आणि सगळ्यांच्या समोर नंबर फिरवला. मला फोन कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून नेहमी स्पीकरवर टाकते.

"कोण?" बाईचा मोठा खणखणीत आवाज.

"शेवंता का? मी चंपाबाई मगदूम. जयसिंगपूर."

"आगं बया! आक्का! बऱ्या झाला न्हवं? किती दिसानं आठवण काढलासा!"

आवाज ऐकून मी थोडी गोंधळले. शेवंता इतकी मोठ्यानं कधी बोलायची नाही. मास्कमुळं असेल, मी मनात म्हटलं.

"बरी आहे. तुझी पोरगी कशी आहे?"

"कुठली पोरगी?"

"आजोळी ठेवलेली. पहिलीतली. मला सांगायचीस ना, आई पाहिजे म्हणून फोनवर रडते ती."

"मला कुठनं पोरगी, आक्का! दोन पोरंच हाईत की मला. थोरल्याचं लगीन झालं गेल्या साली."

मी अभिनंदनकडं बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"शेवंता, नीट आठव. दीड वर्ष तू माझ्याकडं होतीस ना?"

"दीड वर्स? न्हाई वो. मी आठ दीस आलेली तुमच्याकडं. नवव्या दिवशी रस्तं बंद झालं, पोलिसांनी उदगाव नाक्यावरनं माघारी धाडलं. फोन केलेला की मी तुमच्या सूनबाईंना. त्यास्नी म्हटलं, माझा अ‍ॅप्रन तितंच ऱ्हायलाय. तर त्या म्हणल्या, असू दे. बरं आक्का, दुसरी बाई गावली होती न्हवं मग? चांगली होती न्हवं?"

ती हॅलो हॅलो करत होती. फोन कसा बंद करायचा ते मला त्या क्षणी सुचेना. फरजानानं माझ्या हातातून अलगद घेऊन बंद केला.

चहावर साय धरली होती.

"तू तिला जवळ येऊ देत नव्हतीस, आई," अभिनंदन म्हणाला, खिडकीकडंच तोंड करून. "शेवंता यायची थांबली तेव्हा ही तुला पुसायला आली, तर डाव्या हातानं तांब्या फेकलास तिच्या अंगावर. सुनेसमोर उघडी पडणार नाही म्हणालीस. दोन दिवस तशीच ओल्यात पडून राहिलीस. मी आलो तर मलाही हाकललंस. तिसऱ्या दिवशी हिनं तो अ‍ॅप्रन चढवला. तू म्हणालीस, आलीस का गं शेवंता, उशीर केलास. आणि करू दिलंस सगळं."

"रोज नऊला..." मी म्हटलं.

"नऊला दारातून 'येते' म्हणायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन अ‍ॅप्रन घालून परत यायची."

"आणि नोकरी?"

"कारखान्यानं तीन महिने वाट बघितली. मग सोडली तिनं."

मी त्रिशलाकडं बघितलं नाही. मला बघता येईना. एकच गोष्ट डोक्यात फिरायला लागली, की त्या दीड वर्षात मी शेवंतापाशी काय काय बोलले होते. दिवसभर पडलेल्या माणसाला बोलण्याशिवाय काम काय? माझी सून नुसती कॉम्प्युटर बघते, तिला माणूस बघायला नको. आईबापांनी कामाचं वळण लावलं नाही. अभिनंदनला ह्याहून चांगली मिळाली असती, मीच घाई केली. आणि एकदा ती माझे पाय पुसत असताना म्हणाले होते, तिला तुझ्या नखाची सर नाही बघ, शेवंता. शेवंता त्यावर म्हणाली होती, "पाय जरा वर घ्या, आक्का."

आक्का म्हणाली होती. आत्या नाही. दीड वर्षात एकदाही चुकली नव्हती.

"का सांगितलं नाहीस मला नंतर?" मी टेबलाकडं बघत विचारलं.

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना," त्रिशला म्हणाली, "सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही म्हणून. त्यात तुम्हाला बरं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले होते, मन खचू देऊ नका."

"मी तुला नावं ठेवत होते."

"हो."

"सगळी ऐकलीस?"

"दीड वर्ष ऐकली, आत्या." ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलली. "एकदोनदा वाटलं, अ‍ॅप्रन काढून तुमच्यापुढं उभं राहावं. मग तुमचा तो हात हलायला लागला होता. म्हटलं, आता नको."

फरजाना डोळे पुसत होती. मला त्याचा राग आला. कुणी तिसऱ्यानं आमच्या घरात रडावं हे मला खपत नाही.

"किती वाजले?" मी विचारलं.

"पाच वीस."

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण होतं. त्या दिवशी स्वयंपाकाला कुणी उठलं नव्हतं आणि मला भूकही नव्हती.

"उघड ते," मी फरजानाला म्हटलं. "ती रिकामी जागा आहे ना, तिथं लिही. मी सांगते ते."

"आत्या, नको," त्रिशला म्हणाली. "घरातलं आहे ते."

"तू गप्प. बायोडाटा मला कळतो. लिही गं. सासूची उजवी बाजू गेली होती. धड बोलता येत नव्हतं, दिसत नव्हतं, आणि सासू स्वभावानं वाईट. हे लिही. दीड वर्ष हिनं एकटीनं..."

"आक्का, इतकं लिहीत नाहीत," फरजाना म्हणाली. "एक ओळ पुरे. घरातल्या आजारी व्यक्तीची पूर्ण वेळ काळजी घेतली. त्याच काळात अभ्यास सुरू केला. त्रिशला, पुस्तकं तेव्हाच मागवली होतीस ना?"

"आत्या झोपल्यावर वाचायची," त्रिशला म्हणाली.

"तेही लिही. आणि मदत केली असं नको लिहूस. हिनं केलं असं लिही."

फरजानानं लिहिलं. मग म्हणाली, "खाली चौकशीसाठी दोन नावं लागतात. एक कारखान्याच्या साहेबांचं आहे. दुसरं?"

"माझं घाल."

"नातेवाइकाचं चालत नाही, आक्का."

"त्या दीड वर्षाचं माझ्याशिवाय कोण सांगणार त्यांना? शेवंता?"

फरजानानं त्रिशलाकडं बघितलं. त्रिशलानं मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. माझा नंबर गेला. सहाला दहा कमी असताना अर्ज गेला.

पुढं महिनाभर त्रिशलाच्या मुलाखती चालल्या. दार लावून इंग्रजीत बोलायची. बाहेर बसून मला एक अक्षर कळायचं नाही. आम्ही दोघी त्या रविवारबद्दल काही बोललो नाही. मी माफी मागितली नाही. ती मला मागता येत नाही, आणि मी मागावी अशी तिची अपेक्षाही नव्हती. अंघोळीला पाठ चोळायला मात्र मी तिला हाक मारायला लागले. पहिल्या दिवशी दोघींनाही अवघड झालं.

मग एका सकाळी, त्रिशला कॉलेजला गेलेली असताना, माझा फोन वाजला. पुण्याची कुणी मुलगी, मराठी चांगलं होतं. त्रिशला मगदूम यांच्याबद्दल दोन प्रश्न विचारायचे आहेत म्हणाली.

"विचार."

"या काळात त्या तुमच्याकडे होत्या का?"

"होती."

"त्यांचं काम कसं होतं?"

"मी चालते आहे," मी म्हटलं. "काठी घेऊन, पण चालते."

पलीकडं टकटक ऐकू येत होतं. माझं बोलणं ती लिहून घेत होती बहुतेक.

"शेवटचा प्रश्न. संधी मिळाली तर तुम्ही त्यांना पुन्हा कामावर घ्याल का?"

हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात असं मला फरजानानं नंतर सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटलं, ही मुलगी मलाच काहीतरी विचारते आहे.

"नाही," मी म्हटलं.

टकटक थांबली. "नाही?"

"नाही घेणार."

"कारण सांगू शकाल का?"

"ती माझी सून आहे. मी परत पडले तर तिनं कामाची बाई होऊन यायचं नाही. तोंड उघडं ठेवून, सून म्हणून यायचं. तशी आली तर मी नाही म्हणणार नाही."

ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आजी, इथं मला हो किंवा नाही, एवढंच लिहिता येतं. काय लिहू?"

"ते मला कसं कळणार बाई," मी म्हटलं. "तुझं तू बघ."

तिनं काय लिहिलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. एक तारखेला त्रिशला कामावर रुजू झाली.